शाळा म्हणाली, “वरच्या गणिताला बसता येणार नाही.” मग आपण काय करायचं?

आमच्याकडची मराठी शाळा रविवारी सकाळी भरते. मुलं आत जोडाक्षरांशी झटापट करत असतात आणि आम्ही पालक बाहेर पार्किंगमध्ये थर्मासातला चहा घेत उभे असतो. एप्रिल उजाडला की त्या चहाला एकच विषय पुरतो: “तुझ्या लेकाला कुठलं मॅथ मिळालं?” बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) आठवीतून नववीत, म्हणजे मिडल स्कूलमधून हायस्कूलमध्ये जाताना गणिताचा वर्ग ठरतो, आणि तो ठरवणारी माणसं आपल्याला विचारत नाहीत. त्या पार्किंगमध्ये मी दोनदा रडकुंडीला आले आहे. एकदा मुलासाठी, चार वर्षांनी मुलीसाठी. मुलाच्या वेळी जे जे करू नये ते सगळं केलं. मुलीच्या वेळी बरंचसं जमलं. आता दर एप्रिलला कुणी ना कुणी “ताई, एक मिनिट” म्हणत बाजूला घेतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी वकील नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे नियम वाचणं आणि तो कुठे मोडतो ते शोधणं एवढंच मला येतं. इथे तेवढं पुरलं.

आधी सरळ उत्तर. शाळा वरच्या गणिताला अडवू शकते का? हो, शकते. “माझ्या मुलीचा हक्क आहे” असं म्हणत आत शिरू नका, कारण अमुक एका वर्गात बसण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. 1973 च्या सॅन अँटोनिओ विरुद्ध रॉड्रिग्ज खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर शिक्षण हाच मुळी संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. शिक्षण हा राज्याचा विषय, आणि राज्याने तो बराचसा डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, हाती सोपवलेला.

पण अडवणं वेगळं आणि मनाला येईल तसं अडवणं वेगळं. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये कुणाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवायचं (इथे त्याला ‘प्लेसमेंट’ म्हणतात) याबद्दल ‘मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट अ‍ॅक्ट’ केला. त्याआधी नववीत येणाऱ्या, आठवीत अल्जेब्रा चांगल्या मार्कांनी पास झालेल्या मुलांना पुन्हा अल्जेब्रालाच बसवलं जात होतं, आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त भरडली जात होती. तेव्हा हा कायदा आपल्यासाठी झाला नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं. आपण त्याच्या सावलीत उभे आहोत. कायदा म्हणतो की नववीत येणाऱ्या मुलांना गणिताचा वर्ग देण्याचं धोरण लेखी हवं, ते शाळेच्या बोर्डाने जाहीर बैठकीत मंजूर केलेलं हवं आणि वेबसाइटवर ठेवलेलं हवं. एका परीक्षेवर निर्णय नको, मोजता येतील अशा अनेक गोष्टी बघायच्या. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात निदान एकदा फेरतपासणी करायची. आणि निर्णय पटला नाही तर मुलाला आणि पालकांना दाद मागायची स्पष्ट वाट ठेवायची. ही शेवटची दोन वाक्यं फ्रिजवर लावून ठेवा.

हे नुसतं कागदावर नाही. पालो आल्टोतले काही पालक याच कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेले आणि 2023 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयाने तिथल्या डिस्ट्रिक्टचं प्लेसमेंट कायद्याला धरून नाही, असा निकाल दिला. आपल्याला कोर्टापर्यंत जायचं नाही, पण आपल्या मेलमध्ये त्या कायद्याचं नाव दिसलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, हे मी पाहिलंय.

मुलाच्या वेळी काय झालं

नवीन आलेल्यांसाठी इथली शिडी सांगते. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती हातात हात घालून चालतात. इथे बहुतेक ठिकाणी एक वर्ष अल्जेब्रा 1, मग जॉमेट्री, मग अल्जेब्रा 2, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. (काही डिस्ट्रिक्टमध्ये मॅथ 1, 2, 3 असं मिसळीचं असतं, पण पायऱ्या तेवढ्याच.) नववीत अल्जेब्रा 1 ला बसलात की बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचता. इंजिनिअरिंगकडे जायचं तर बारावीत कॅल्क्युलस झालेलं बरं, म्हणून सगळी झुंबड आठवीतच एक पायरी वर चढण्याची. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये आठवीतून अल्जेब्रा 1 काढूनच टाकला, सगळ्यांना एका रांगेत चालवायचं म्हणून. दहा वर्षं पालक भांडले. मार्च 2024 मध्ये मतपत्रिकेवर प्रश्न आला तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी “परत आणा” म्हणून कौल दिला. तो कौल बंधनकारक नव्हता, पण बोर्डालाही तोवर कळून चुकलं होतं.

तर माझा मुलगा आठवीत साध्या गणिताला होता, घरी अल्जेब्रा शिकला होता, आणि त्याला नववीत जॉमेट्री हवी होती. मी काउन्सेलरची, म्हणजे मुलांचे विषय आणि वर्ग बघणाऱ्या शाळेतल्या बाईंची, वेळ घेतली. बरोबर फाइल: स्पर्धांची प्रशस्तिपत्रं, क्लासच्या सरांचं पत्र, शिवाय एक रंगीत ग्राफ. आणि तोंडाने काय म्हणाले? “त्याला वर्गात कंटाळा येतो.” बाई फार गोड होत्या. “आय हिअर यू,” म्हणाल्या. आपल्याकडे “बघू” म्हणतात ना, तेच ते. मी अकरा मेल लिहिले. शेवटच्या तीनमध्ये माझा पारा चढलेला स्पष्ट दिसतो, आज वाचताना लाज वाटते. मुलगा अल्जेब्रा 1 ला बसला. डिसेंबरात दुसरंच काही शोधताना डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर प्लेसमेंटचं धोरण हाती लागलं. चार पानं. तिसऱ्या पानावर दाद मागण्याची मुदत, सप्टेंबरातली. अकरा मेलांत मी एकदाही “नियम काय आहे?” असं विचारलं नव्हतं, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

मुलीच्या वेळी

म्हणून पहिलं काम म्हणजे धोरण शोधा. मार्चमध्ये, निकाल लागायच्या आधी. डिस्ट्रिक्टच्या साइटवर ‘मॅथ प्लेसमेंट’ टाकून बघा, बोर्डाच्या धोरणांच्या यादीत असतं. सापडलं नाही तर शाळेला दोन ओळींचा मेल: नववीच्या गणित-प्लेसमेंटचं बोर्डाने मंजूर केलेलं धोरण कुठे वाचायला मिळेल? बस. मुलीचं नावसुद्धा घालू नका. मला उत्तर चौथ्या दिवशी आलं, लिंकसकट.

वाचताना तीन गोष्टींवर खूण करा. कशाकशाचे मार्क धरतात, प्रत्येकाला किती पाहिजेत आणि दाद कुणाकडे, किती दिवसांत मागायची. आमच्या धोरणात तीन गोष्टी होत्या: राज्याची वार्षिक परीक्षा, आठवीची ग्रेड आणि डिस्ट्रिक्टची प्लेसमेंट टेस्ट. तीनपैकी दोन जमल्या की जॉमेट्री. हे मुलाच्या वेळी ठाऊक असतं तर मी रंगीत ग्राफ काढत बसले नसते. क्लासच्या सरांचं पत्र त्या चार पानांत कुठेच नव्हतं.

मग मुलीचा निकाल आला: अल्जेब्रा 1. आता दुसरा मेल, आणि हा जरा विचार करून लिहा. “आमच्या मुलीवर अन्याय झाला” नको. मी लिहिलं ते साधारण असं: धोरणातल्या तिन्ही निकषांवर तिचे गुण किती, प्रत्येक निकषाची मर्यादा किती, आणि ती कुठल्या निकषावर कमी पडली, हे कृपया लेखी कळवा, टेस्टचा विषयवार तपशील बघायला कधी येऊ? मुलाची शाळेतली कागदपत्रं बघण्याचा हक्क पालकांना 1974 च्या संघराज्याच्या कायद्याने आहे, ज्याला इथे सगळे ‘फर्पा’ म्हणतात. त्यात शाळेला 45 दिवस मिळतात. कॅलिफोर्नियाचा कायदा जास्त कडक आहे, पाच कामकाजाचे दिवस. हे मेलच्या शेवटी एका ओळीत, शांतपणे. आणि काउन्सेलर फोनवर काही बोलली तर त्याच संध्याकाळी “आज आपलं जे बोलणं झालं त्यावरून मला असं समजलं की…” म्हणून मेल टाका. आमच्या कामात याला ‘मिनिट्स’ म्हणतात. तोंडी ‘नाही’ला तारीख नसते.

उत्तर आलं. राज्याच्या परीक्षेत ती बसत होती. ग्रेड बी प्लस, हवी होती ए मायनस. टेस्टमध्ये 33, हवे होते 36. म्हणजे शाळेचं चुकलं नव्हतं! नियम नियमाप्रमाणेच लावला होता. माझा घसा भांडायला तयार होता आणि भांडायला काही उरलं नव्हतं. हे तुमच्याही बाबतीत होईल, तेव्हा मनाची तयारी ठेवा. उलटही होतं. आमच्या ओळखीतल्या एका घरी असाच मेल गेला आणि ग्रेड टाकताना पहिल्या सत्राचीच धरली गेली होती, हे निघालं. आठवड्यात दुरुस्त झालं, दाद-बिद काही लागली नाही.

मुलीला खरंच येतं का?

इथे थोडं थांबते, कारण बहुतेक जण इथे थांबत नाहीत.

माझे वडील, अण्णा, मिरजेजवळच्या एका हायस्कुलात तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवायचे. मी त्यांना फोनवर सगळी कर्मकहाणी ऐकवली. ते म्हणाले, “तिला दे फोन.” व्हिडिओवर त्यांनी तिला समीकरणं घातली, तिने भराभर सोडवली. मग त्यांनी एक शाब्दिक उदाहरण सांगितलं. दोन नळ, एक टाकी, तेच आपलं सनातन. पोरगी गप्प. मग विचारलं, वर्गमूळ चिन्हाच्या आत बेरीज असेल तर दोन तुकडे करता येतात का? ती म्हणाली, “हो.” अण्णांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा काय समजायचं, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

टेस्टच्या विषयवार तपशिलातही तेच होतं: वर्गमुळं आणि शाब्दिक उदाहरणं. क्लासमध्ये तिने दोनशे सारखी गणितं सोडवली होती, त्यामुळे हात चालत होता, डोकं मागे होतं. त्यामुळे दाद मागायच्या आधी घरी एक कोरी परीक्षा घ्या. क्लासच्या वहीतली नको आणि वेळ लावून घ्या. आणि मुलीला विचारा, तुला हवंय की मला हवंय? माझ्या मैत्रिणीच्या लेकीने हे विचारल्यावर चक्क “मला अल्जेब्रालाच बसायचंय, मला बँड करायचाय” असं सांगितलं. मैत्रीण आठवडाभर धुसफुसली. लेक आता ट्रम्पेट वाजवते.

माझीला हवं होतं. जून-जुलै आठ आठवडे अण्णांची शिकवणी. त्यांची रात्र, आमची सकाळ.

पहिला महिना सोडू नका

कायद्यातली पहिल्या महिन्यातली फेरतपासणी आपोआप तुमच्या दारात येत नाही. ती मागावी लागते. आमची शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. मी शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातच मेल टाकला, की धोरणातल्या फेरतपासणीत हिला घ्यावं, तारीख कळवावी. काउन्सेलर म्हणाली, वर्ग भरलेत. हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. जागा नसणं ही खरी अडचण असू शकते, पण प्लेसमेंटचा निकष ती नाही. म्हणून मी दोन्ही प्रश्न वेगळे केले: आधी ती पात्र आहे की नाही ते ठरवा, जागेचं नंतर बघू. काउन्सेलरच्या वरती व्हाइस प्रिन्सिपल, त्यांच्या वरती डिस्ट्रिक्ट ऑफिस, शेवटी बोर्ड, ही पायरी चुकवू नका. थेट बोर्डाला मेल केला की तो फिरून त्याच काउन्सेलरच्या टेबलावर येतो आणि आता ती तुमच्यावर रागावलेली असते. बोर्डाच्या नेहमीच्या बैठकीत जनतेला बोलायची वेळ ठेवावीच लागते, तिथे दोन-तीन मिनिटं मिळतात. तिथे आपल्या मुलीचं गाऱ्हाणं गाऊ नका. “फेरतपासणीची तारीख वेबसाइटवर का नाही?” हे विचारा. मी विचारलं. हात थरथरत होते, पण विचारलं. पुढच्या वर्षी तारीख आली.

फेरपरीक्षेत तिला 39 मिळाले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जॉमेट्रीच्या वर्गात गेली. जवळजवळ पाच आठवड्यांचा अभ्यास बुडालेला, पहिल्या टेस्टमध्ये 71 टक्के. हेही हिशेबात धरा.

दार बंदच राहिलं तर

मुलाच्या वेळी राहिलं होतं, तरी तो बारावीत कॅल्क्युलसला पोचलाच. दहावीत त्याने जॉमेट्री आणि अल्जेब्रा 2 एकत्र केले, एका ऐच्छिक विषयावर पाणी सोडून. हे सगळ्या शाळा चालवून घेतात असं नाही, विचारावं लागतं. उन्हाळ्यात जॉमेट्री बाहेरून करणारेही खूप आहेत. बाहेरचा कोर्स करणार असाल तर पैसे भरायच्या आधी शाळेची लेखी परवानगी घ्या, की हा ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) धरू आणि पुढच्या वर्गाला चालेल. कोर्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या ‘ए-जी’ यादीतला, म्हणजे त्यांच्या प्रवेशासाठी चालणारा, असावा. त्यांचाच ‘यूसी स्काउट’ म्हणून ऑनलाइन कार्यक्रम आहे.

कम्युनिटी कॉलेजचं (जवळपासच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं) सगळे सुचवतात. चांगली वाट आहे, एका सत्रात शाळेचं वर्षभराचं गणित होतं, आणि शाळेतल्या मुलांना फी बहुतेक माफ असते. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, शाळेची सही लागते, म्हणजे पुन्हा तीच काउन्सेलर. दोन, 2017 आणि 2022 च्या कायद्यांनंतर या कॉलेजांनी अल्जेब्रा-जॉमेट्रीसारखे खालचे वर्ग बरेचसे बंद केलेत. तेव्हा ही वाट प्रीकॅल्क्युलसपासून पुढे कामाची. आणि तिथली ग्रेड कायमची चिकटते, चौदाव्या वर्षी मिळालेला सी सुद्धा.

कॅल्क्युलसचा वर्ग नाही मिळाला तरी एपी कॅल्क्युलसची, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा देता येते, वर्गात बसण्याची अट नाही. मे महिन्यात असते, नाव मात्र शरद ऋतूतच नोंदवावं लागतं, आणि ती परीक्षा घेणारी शाळा आपली आपण शोधावी लागते.

भारतातून नुकतेच आलेल्यांसाठी

तुमचा मुलगा पुण्याहून आठवी करून आला तर त्याला हमखास खालच्या वर्गात टाकतात, कारण तो कुठल्याच खणात बसत नाही. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात अवयव पाडणं आहे, बहुपदींचा भागाकार आहे, त्रिकोणांची एकरूपता आहे, वर्तुळाची जीवा आहे. म्हणजे अर्धा अल्जेब्रा 1 आणि पाव जॉमेट्री. काउन्सेलरला हे कुठून कळणार? इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका बालभारतीच्या साइटवरून छापून न्या, शेजारी इथल्या अल्जेब्रा 1 ची अनुक्रमणिका, आणि सारख्या धड्यांवर पेनाने खुणा. माझ्या शेजारणीने हे केलं, प्लेसमेंट टेस्ट मिळाली.

आणि “इंग्रजी कच्चं आहे म्हणून खालचं गणित” असं कुणी म्हणालं तर ते चालत नाही. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला शिक्षणापासून लांब ठेवता येत नाही, हे 1974 च्या लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात ठरलंय, आणि तो खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा होता. असं किंवा वंशावरून, अपंगत्वावरून अडवलं असं वाटलं तर संघराज्याच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे 180 दिवसांत तक्रार करता येते. नुसतं “मार्क कमी पडले” यासाठी तिकडे जाऊ नका.

दुसऱ्या राज्यांत असाल तर नियम वेगळे. टेक्ससमध्ये 2023 च्या कायद्याने पाचवीत वरच्या 40 टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत वरच्या गणिताला शाळेनेच बसवायचं, नको असेल तर पालकांनी नको म्हणायचं. शिवाय तिथे परीक्षा देऊन 80 टक्के मिळवले की वर्गात न बसता क्रेडिट मिळतं. नॉर्थ कॅरोलिनात 2018 पासून राज्याच्या परीक्षेत सगळ्यात वरच्या पातळीला आलेल्यांना वरचा वर्ग देऊ करावा लागतो. तुमच्या राज्याचं तुम्ही शोधा.

माझ्या मुलीची जॉमेट्री आता दोन स्तंभांच्या सिद्धतांवर आलीय. डावीकडे विधान, उजवीकडे कारण, आपल्या दहावीसारखंच. ती गृहपाठाचा फोटो रोज मिरजेला पाठवते. काल अण्णांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच लाल रेघ ओढून परत पाठवला: “तिसऱ्या ओळीला कारण लिहिलेलं नाही. मार्क कापला.”